खव्याच्या भट्टीवरचा मेंदू

मी एक जुना मेंदू आहे. दचकू नका मित्रांनो, कुणाच्या डोक्यातून निसटून आलेलो नाही. मी प्लॅस्टिकचा आहे. माझे आठ तुकडे होतात आणि ते पुन्हा जोडता येतात. खऱ्या मेंदूपेक्षा मला एवढी एकच गोष्ट जास्त येते. बाकी सगळ्या बाबतीत मी त्याची नक्कल आहे, आणि नकलेनं नम्र असावं हे मला कळतं.

सध्या माझा मुक्काम भूम गावी एका खव्याच्या भट्टीवर, बटर पेपरच्या गठ्ठ्याशेजारच्या फळीवर आहे. मी इथे कसा पोहोचलो हे सांगायचं तर जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी नुसता एक मोठा, फिकट अक्रोड होतो. मग एका बाईंनी मला मांडीवर घेऊन रंगवलं. कपाळामागचा भाग निळा, डोक्याच्या मागचा हिरवा, कानाजवळचे दोन्ही पिवळे, खाली मानेवर टेकलेला लहान मेंदू गुलाबी. त्यावर लाल आणि निळ्या रक्तवाहिन्या, एका केसाच्या कुंचल्यानं. खरा मेंदू इतका रंगीत नसतो. औषधात घालून ठेवलेला मेंदू तर साधारण खव्याच्या रंगाचा दिसतो. ही माहिती पुढे एका मुलीनं वडिलांना नेमकी ते पेढा खात असताना दिली. त्यांनी पेढा परत डब्यात ठेवला.

पण ते नंतर. आधी मी धाराशिवच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागलो. काचेच्या कपाटात माझी जागा होती आणि खाली चिठ्ठी होती, ‘हात लावू नये’. मला हातात घेऊन, उघडून, जोडून शिकावं म्हणून बनवलं होतं, आणि मी दोन पिढ्यांना काचेतूनच शिकवलं. शेजारी एक सांगाडा उभा असे. त्याची कवटी रिकामी होती, मला कवटी नव्हती. पण आम्ही दोन वेगळ्या वर्षी खरेदी झालो होतो, त्यामुळे आम्हाला एकत्र आणायचं कुणाच्याच मेंदूत आलं नाही. तपासणीसाठी पाहुणे येत तेव्हा मात्र मला पुसून टेबलावर ठेवत आणि साहेब म्हणत, “वा, मेंदू आहे का तुमच्याकडे!” तेवढंच कौतुक.

पुढे भिंतीवर मोठा पडदा आला. त्या पडद्यावर मेंदू फिरायचा, उजळायचा, आतून दिसायचा. मी भंगाराच्या पोत्याजवळ गेलो. तिथून मला उचललं ते गायत्रीनं. ती तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं विचारून घेतलं, ओढणीनं माझी धूळ पुसली आणि मला मांडीवर घेऊन भूमच्या एसटीत बसली.

कंडक्टरनं विचारलं, “हे काय गं?”

“मेंदू.”

“कुणाचा?”

“माझाच की.”

“मग डोक्यात ठेव. मांडीवर कशाला?”

सगळी बस हसली. मित्रांनो, इतकी माणसं एकदम माझ्याकडे बघून हसल्याचा तो पहिला प्रसंग, आणि मला तो आवडला.

गायत्रीच्या घरी तिघंच. वडील शंभुलिंग, ज्यांना ती अप्पा म्हणते. आई जगदेवी. आणि ती. घराला लागूनच पत्र्याची शेड आणि त्यात खव्याची भट्टी. भूमचा खवा लांबलांब जातो, आणि भूमच्या खव्यातही जगदेवीच्या हातच्या खव्याचं नाव होतं. तिनं मला बघितलं आणि म्हणाली, “अगं बया, केवढा अक्रोड!” अप्पा म्हणाले, “असलं घरात न्हाय ठेवायचं. देवघराच्या वाऱ्याला सुद्धा नको. भट्टीवर ठेव.”

अशी माझी भट्टीवर नेमणूक झाली. गायत्री पुढे मेंदूविज्ञानाच्या एम.एस्सी.साठी पुण्याला गेली. तिथे शिकायला खरे मेंदू होते, त्यामुळे मी इथेच राहिलो. थोडा रुसलो, पण इथे माझा उपयोग होऊ लागला. बटर पेपर वाऱ्यानं उडायचे म्हणून जगदेवीनं माझा उजव्या कानाजवळचा पिवळा तुकडा काढून गठ्ठ्यावर वजन म्हणून ठेवला. डॉक्टर त्या भागाला टेम्पोरल लोब म्हणतात. ऐकणं, आठवणी साठवणं, वास ओळखणं, यांतलं बरंच काम तिथं चालतं. माझ्याकडे तो कागद धरून बसायचा. मी कुरकुर केली नाही. खंडेनवमीला सराट्याला, कढईला, मोटारसायकलला हळदकुंकू लागलं तसं मलाही लागलं, आणि वर अप्पांनी माझ्या निळ्या भागावर विभूतीचे तीन पट्टे ओढले. विभूती कपाळाला लावतात आणि तो भाग कपाळामागचाच. शरीरशास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं अगदी बरोबर होतं.

आता मित्रांनो, खवा कसा होतो ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोठ्या कढईत दूध, खाली जाळ, आणि लांब दांड्याच्या सराट्यानं ते सतत ढवळायचं. हात थांबला की दूध तळाला लागतं आणि सगळ्या घाण्याला करपट वास येतो. लवकर उतरवलं तर खवा ओला राहतो आणि टिकत नाही. ती मधली नेमकी वेळ माणूस ओळखतो. जगदेवी चिमूटभर खवा घेई, अंगठा आणि बोटांत चोळून दाणा बघे, जिभेवर ठेवे, ओठ मिटून चव घेई. त्या वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही, असा त्या भट्टीचा नियम होता. तो जगदेवीच्या सासूनं घालून दिला होता आणि देवाच्या आरतीसारखा पाळला जाई. गिऱ्हाईक आलं तरी अप्पा तोंडावर बोट ठेवत, “थांबा. पारख चाललीय.”

अलीकडे तर जगदेवीची पारख लांबत चालली होती. ती एकदम म्हणे, “दूध लागलं!” आणि मग एकटक समोर बघत, ओठांनी मचमच करत, बोटं चोळत तशीच उभी राही. अप्पा धावत कढई उतरवत. तळ बघावा तर स्वच्छ! अप्पा सगळ्यांना अभिमानानं सांगत, “तिला लागायच्या आधीच वास येतो. असलं नाक जिल्ह्यात न्हाय.” मात्र ते घाणे ओले निघत, आणि वाशीच्या एका व्यापाऱ्यानं दोनदा माल परत पाठवला होता. जगदेवी त्यानं खचली होती. “माझ्या हाताला झालंय तरी काय?” असं ती कधी कधी मलाच विचारी. म्हणजे मी समोर असे, म्हणून.

अशात गायत्री परीक्षेआधीच्या सुट्टीला घरी आली. पुस्तकं घेऊन ती भट्टीवरच बसे, कारण तिला माझे तुकडे लागत. ती मला उघडी, नावं म्हणे, पुन्हा जोडी; पिवळा तुकडा मात्र कागदांवरच राही. काचेतले ते सगळे दिवस मी विसरलो. पहिले धडे रचनेचे होते तोवर घरात शांतता होती. मग विकारांचे धडे सुरू झाले. सकाळी एक विकार वाचायचा आणि दुपारपर्यंत घरात त्याचा रोगी सापडायचा, असा तिचा क्रम झाला.

लहान मेंदूच्या धड्याला तिनं अप्पांना अंगणात सरळ रेषेत, टाचेला टाच लावून चालायला लावलं. अप्पा झुकले.

“अप्पा, तोल जातोय तुमचा. लहान मेंदू दाखवून घ्यावा लागंल.”

“अगं, चपलेचा पट्टा तुटलाय माझ्या!”

कंपवाताच्या धड्याला दूध घालणारा बब्रुवान सापडला. तो रोज फटफटीला कॅन बांधून खेड्यातून येतो. अप्पांचा लहानपणापासूनचा मित्र, आणि जगदेवीची चेष्टा केल्याशिवाय त्याचा कॅन रिकामा होत नाही.

“काका, हात कधीपासून थरथरतोय?” गायत्रीनं गंभीरपणे विचारलं.

“फाट्यापासून,” बब्रुवान म्हणाला. “रस्ता बघितलाय का तू?”

मग पुन्हा पुन्हा खात्री करत राहण्याच्या आजाराचा धडा आला. अप्पा शेडचं कुलूप तीनदा ओढून बघतात हे तिच्या लक्षात आलं. तिनं त्यांना समोर बसवून समजावलं, की यात लाजण्यासारखं काही नाही, उपचार असतात. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं, उठले, कुलूप लावलं, एक हिसका दिला. कुलूप उघडून हातात आलं. “हे लागतच न्हाय नीट,” ते म्हणाले, “आता सांग, इलाज माझ्यावर करायचा का कुलपावर?”

झोपेच्या विकारांच्या दिवशी माणसं सापडेनात, तेव्हा तिनं बब्रुवानच्या म्हशीची चौकशी केली.

नैराश्याच्या धड्याला मात्र ती कुणाच्या मागे लागली नाही. बराच वेळ वाचत बसली आणि जेवताना म्हणाली, “अप्पा, पोट बिघडलं तर आपण चारचौघांत सांगतो. मन बिघडलं तर लपवतो. ते पण मेंदूचंच काम असतंय की.” अप्पांना हे बोलणं आवडलं नाही. “डोक्याचा आजार म्हणजे अब्रूचा प्रश्न. उद्या तुझी सोयरीक करायची हाय. आजपासून ह्या घरात कुणाला रोग लावायचा न्हाय. लावायचाच तर त्या प्लॅस्टिकला लाव. घे शपथ.” आणि गायत्रीनं माझ्या निळ्या भागावर हात ठेवून शपथ घेतली. विचार करून स्वतःला आवरणं हे त्याच भागाचं काम. पण त्या वेळी हे सांगून उपयोग नव्हता.

फिट येण्याच्या आजाराचा धडा नेमका त्यानंतरचा होता.

आठवडी बाजाराच्या दिवशी भट्टी बंद असते. जगदेवी निवांत बसून माझ्या अंगावरची हळद ओल्या फडक्यानं पुसत होती. मी तिच्या मांडीवर होतो, चूल गार होती, आणि शेडमध्ये दुधाचा थेंब नव्हता. एकदम तिचा हात थांबला. “दूध लागलं,” ती म्हणाली. मग डोळे समोर स्थिर झाले. ओठ मचमच करू लागले. फडकं गळून पडलं आणि अंगठा बोटांवर फिरू लागला. बोटांत खवा नव्हता, मित्रांनो. काहीच नव्हतं.

गायत्री समोरच वाचत होती. तिनं मान वर केली. “आई?” उत्तर नाही. “आई, कुठं लागलं दूध?” अंगठा फिरत राहिला. थोड्या वेळानं जगदेवीनं इकडेतिकडे पाहिलं, जणू आत्ताच बाजारातून आलीय. “काय गं? कधी उठलीस तू?”

“तुला वास आला होता का?”

“कसला?”

“करपल्याचा.”

“तो तर येतोच की अधनंमधनं. माझं नाकच तसलं हाय.”

गायत्री उठली, कागदांच्या गठ्ठ्यावरून माझा पिवळा तुकडा उचलला आणि उलटा करून त्याच्या आतल्या कडेकडे बघत राहिली. तिथं एक छोटा वळलेला आकडा आहे. त्या जागी गडबड झाली की नसलेला वास येतो, बहुधा वाईट, करपल्याचा. मग माणूस क्षणभर हरवतो, ओठ चाळवतो, हात चाळवतो. हे तिनं त्याच सकाळी वाचलं होतं. आणि तिला धास्ती बसली ती तिथंच. आजवर तिनं तुटलेल्या चपलेला, खराब रस्त्याला आणि कुलपाला रोग ठरवलं होतं. आता हाही आजच्या धड्याचा रोगी असला तर? आणि खरा असला तर? आई रोज उकळत्या कढईवर वाकते. त्या हरवलेल्या क्षणात हात घसरला, तोल गेला तर?

तिनं शपथ मोडली. अप्पा भडकले. “पुन्हा सुरू? तिची पारख म्हणजे आजार? अख्खा बाजार तिच्या पारखीवर चालतो!”

“अप्पा, एकदा पारख चालू असताना तिच्याशी बोलून बघा.”

“नियम हाय.”

“त्या नियमामुळंच कुणाला कळलं न्हाय. हाक मारली असती तर कळलं असतं की तिला ऐकूच येत न्हाय!”

“आई असंच करायची माझी. ती काय आजारी होती?”

“आज्जीला कुणी बोललं तर काय करायची?”

“सराटा फेकून मारायची,” अप्पा हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दसऱ्यानंतरची मोठी ऑर्डर होती. कढई भरलेली, जाळ चांगला लागलेला, जगदेवी सराटा घेऊन उभी. बब्रुवान कॅन उतरवत होता. दूध आटत आलं आणि ती म्हणाली, “दूध लागलं!” अप्पांचे पाय सवयीनं कढईकडे निघाले. मध्ये गायत्री आडवी आली. “आधी बोला तिच्याशी. कढई मी बघते.”

“जगदेवी,” अप्पा म्हणाले. अगदी देवळात बोलावं तसं हळू! नियम मोडायची सवय नव्हती. “अगं ए. ऐकतीस का?”

ओठ मचमचत होते. बोटं फिरत होती. अप्पा म्हणाले, “पारख चाललीय. त्यात बोलत न्हाय ती.”

तेव्हा बब्रुवान पुढे आला. मित्रांनो, जगदेवीला कुणी काहीही म्हणावं, ती हसून सोडी. फक्त एक गोष्ट तिच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती. एका गिऱ्हाइकानं ती एकदा म्हटली होती आणि त्यानं नंतर खवा बार्शीहून न्यायला सुरुवात केली.

बब्रुवाननं घसा साफ केला. “वैनी,” तो म्हणाला, “ह्या खव्यात मैदा हाय.”

जगदेवीनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचा सराट्यावरचा हात सैल पडला, सराटा कढईत बुडाला, आणि ती त्याच्या मागे तशीच, सावकाश, पुढं झुकू लागली. अप्पांनी झेप घेऊन तिला कवेत धरलं आणि मागे ओढलं.

“मैदा म्हणालास तू,” ते बब्रुवानला म्हणाले. “मैदा म्हणालास, आणि ती काहीच बोलली न्हाय.”

“म्हणून तर भ्या वाटलं, गड्या,” बब्रुवान म्हणाला. या खेपेला हात फाट्यामुळं थरथरत नव्हता.

बब्रुवान तिच्या तोंडात चमचा घालायला निघाला होता आणि अप्पा चप्पल हुंगवायला शोधत होते. गायत्रीनं दोघांनाही रोखलं. “तोंडात काही घालायचं न्हाय. काही हुंगवायचं न्हाय. दाबून धरायचं न्हाय. जाळापासून लांब बसवायचं, जवळ थांबायचं, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर मात्र सरळ दवाखाना.” आणि तिनं मोबाइलवर चित्रण केलं, कारण डॉक्टरला फिट क्वचितच बघायला मिळते.

बार्शीच्या डॉक्टरांकडे मी गेलो नाही. गायत्रीच्या पर्समधून फक्त माझा पिवळा तुकडा गेला. पण ऐकणं आणि आठवणं हेच त्याचं काम असल्यामुळे त्यानं परत आल्यावर मला सगळं नीट सांगितलं. जगदेवीच्या डोक्याला लेप लावून तारा चिकटवल्या, तेव्हा तिनं विचारलं, “हा लेप निघतो का, का केस कापावं लागतात?” मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरांनी चित्रण दोनदा पाहिलं आणि विचारलं, “लहानपणी तापात कधी लांबलेले झटके आले होते का?” आले होते. माहेरचे लोक ते कधीच विसरून गेले होते. त्याचाच एक जुना व्रण उजव्या बाजूला, अगदी माझ्या त्या तुकड्याच्या आतल्या कडेला होता. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो, डॉक्टर म्हणाले. पण गोळी मनानं बंद करायची नाही, जागरण नाही, आणि आम्ही सांगेपर्यंत विस्तवाजवळ उभं राहायचं नाही.

अप्पांनी हळूच विचारलं, “हे डोकं फिरण्यातलं का?”

“हे मेंदूतल्या विजेचं,” डॉक्टर म्हणाले. “आणि ज्याला तुम्ही डोकं फिरणं म्हणता, त्यालाही आमच्याकडे इलाज असतो. दोन्हीला लाज लागत नाही. गोळी लागते.”

घरी आल्यावर जगदेवी माझ्यासमोर येऊन बसली आणि लेकीला म्हणाली, “म्हंजे ती पारख नव्हतीच. इतकी वर्षं लोक माझ्या आजाराचं कौतुक करत होते व्हय?”

गायत्रीनं पिवळा तुकडा माझ्यात त्याच्या जागी बसवला. खट्कन आवाज झाला. किती दिवसांनी मी पुरा झालो होतो!

“आई, खवा ओला निघायचा ते घाणे आठव,” ती म्हणाली. “दर वेळी तुला वास आला आणि अप्पांनी कढई उतरवली. व्हय ना?”

“व्हय.”

“म्हणजे बिघडलेला खवा आजाराचा. चांगला झालेला सगळा तुझा.”

जगदेवीनं बोटांवर ते घाणे मोजले. मग म्हणाली, “त्या वाशीच्या व्यापाऱ्याला हे फोन करून सांगता येईल का?”

त्या दिवसापासून कढईपासून लांब, माझ्या फळीखाली एक खुर्ची आली. जगदेवी त्यावर बसून हुकूम सोडू लागली आणि सराटा अप्पांच्या हातात गेला. पहिले घाणे अप्पांनी असे काही केले की बब्रुवाननं त्यातला एक फटफटीचं चाक चिकटवायला मागितला. भट्टीचा नियमही बदलला. आता पारख चालू असताना बोलायचंच, आणि तिनं उत्तर द्यायचं. गिऱ्हाइकांना हे सुरुवातीला जड गेलं. गायत्री परीक्षा देऊन पास झाली. तोंडी परीक्षेत तिला फिटच्या आजारावरच विचारलं. तिनं इतकं सांगितलं की परीक्षकांनी खव्याचा भाव विचारून तिला सोडलं.

महिने गेले. जगदेवीला वास आला नाही, ती हरवली नाही. पण घरातल्यांच्या मनातून धास्ती जात नव्हती. अप्पा तिच्याकडे चोरून बघत. ती दोन क्षण गप्प बसली की, “जगदेवी, बरी हाईस ना?” ती वैतागे, “जप करायला लागले तरी घड्याळ बघतात हे!”

आणि मग परवाचीच गोष्ट. गायत्री सुट्टीला आलेली. अप्पा कढई ढवळत होते, बब्रुवान चहा पीत होता, आणि खुर्चीवरून जगदेवी एकदम ताठ झाली.

“दूध लागलं!”

अप्पांच्या हातातला सराटा पडला. पण आता कुणी कढईकडे धावलं नाही. मित्रांनो, तिघं एकदम तिच्याकडे धावले. अप्पांनी घड्याळ बघितलं. बब्रुवाननं चहाचा कप न सोडता आजूबाजूचे डबे दूर सारले. गायत्रीनं तिच्या मागे उशी लावली आणि सावकाश, स्पष्ट विचारलं, “आई, मी कोण? माझं नाव सांग.”

“गायत्री!”

“हे कोण?”

“ह्यांचं नाव मी घेणार न्हाय! कढई उतरवा!”

“शांत हो. घाबरू नको. आमी हाय.”

“अरे, खरंच लागलंय!”

अप्पा घड्याळावरची नजर न काढता म्हणाले, “बब्रू, विचार तिला. ते विचार.”

बब्रुवान दोन पावलं मागे सरला, कॅनचं झाकण छातीशी धरलं आणि म्हणाला, “वैनी, ह्या खव्यात मैदा हाय.”

“मैदा? माझ्या खव्यात?” जगदेवी खुर्चीवरून उठली. “तुझ्या दुधात किती पाणी असतंय ते म्या कधी काढलं का? इतकी वर्षं चुलीवर पाणी आटवतेय तुझं! आधी तो चहा खाली ठेव. आणि तुमी, घड्याळ काय बघताय? सराटा बुडालाय, मेल्यांनो, सराटा!”

कढईतून काळा धूर निघत होता. खरा, अस्सल, सगळ्या शेडला येणारा करपट वास. माझ्या प्लॅस्टिकलाही तो अजून आहे. अप्पांनी धुराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि तो अख्खा वाया गेलेला घाणा समोर असताना ते हसत सुटले. हसता हसता डोळे पुसू लागले. “लागलं,” ते म्हणत होते, “खरंच लागलं गं!” असा करपल्याचा आनंद मी भूममध्ये तरी दुसरा पाहिलेला नाही.

आता मी म्हातारा झालोय. धुरानं माझा गुलाबी लहान मेंदू करडा झालाय, जोडणीची एक खुंटी सैल आहे, आणि जगदेवी अजूनही विसरून माझा पिवळा तुकडा कागदांवर ठेवते. माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. मला फळीवर ठेवा, हळद लावा, कागद दाबायला घ्या, चालेल. माझा तुकडा हरवला तर अंबाल्याहून नवा येतो. पण तुमच्या शेजारच्या माणसाच्या डोक्यात जो आहे, त्याला काचेच्या कपाटात ठेवू नका. ‘हात लावू नये’ची चिठ्ठी काढा. तो गप्प झाला, हरवला, चुकला, तर नियम मोडून त्याच्याशी बोला.

आणि तरीही उत्तर आलं नाही, तर त्याच्या खव्यात मैदा असल्याचं सांगून बघा. तेवढ्यानंही तो भडकला नाही, तर मात्र उशीर करू नका. बार्शीची गाडी पकडा.